क्रमिक पुस्तकातला काळा चौकोन

आपल्याकडे कादंबरीवर टीका होते, कवितेवर होते, नाटकावर तर कधी कधी पहिल्या प्रयोगाच्या आधीच होते. पण महाराष्ट्रात सर्वांत जास्त हातांतून जाणारे पुस्तक म्हणजे शाळेचे क्रमिक पुस्तक, आणि त्याच्याकडे टीकाकार सहसा फिरकत नाही. फार तर एखाद्या धड्यावरून गदारोळ उठतो, चार दिवस वर्तमानपत्रे गाजतात, आणि जून उजाडला की घरोघर खाकी कागदाची वेष्टने घालण्याच्या गडबडीत सारे विसरून जाते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांची दप्तरे कोपऱ्यात पडलेली असतात. त्यांतले एखादे पुस्तक बाहेर काढून वडीलधाऱ्यांनी ते जरा टीकाकाराच्या नजरेने पाहावे, अशी माझी सूचना आहे. धडे वाचू नका. धड्याशेजारी जो एक काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो, तो पाहा.

ह्या चौकोनाला क्यूआर कोड म्हणतात, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. बार्शी तालुक्यातले वैराग हे बाजाराचे गाव. तिथे मेथीच्या जुड्यांशेजारी, चहाच्या गाड्यावर, न्हाव्याच्या आरशाखाली तोच चौकोन लटकलेला दिसतो. तिथे तो पैसे मागतो, पुस्तकात तो धडा दाखवतो, एवढाच फरक आहे असे आपण समजतो. माझे म्हणणे असे की, फरक त्याहून मोठा आहे. आणि पुस्तक म्हणजे काय, ह्या जुन्याच प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

आधी चौकोनाची जन्मकथा पाहू. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो ह्या मोटारींचे भाग बनविणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने तो तयार केला. कारखान्यातल्या सुट्या भागांवर उभ्या रेघांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. त्यांत फारच थोडी माहिती मावे, आणि कामगारांना एकामागून एक अनेक पट्ट्या वाचीत बसावे लागे. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या ‘गो’ ह्या खेळाचा पट पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे हारा सांगतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत जी तीन मोठी घरे दिसतात, त्यांच्यामुळे यंत्राला चौकोन कुठे आहे आणि कसा फिरलेला आहे हे ताबडतोब कळते. त्यांतल्या काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण मुद्दाम असे निवडले की, एरवीच्या छपाईत ते सहसा आढळू नये. त्यासाठी ह्या लोकांनी मासिके, पत्रके, खोक्यांवरचा मजकूर, जे जे छापलेले हाती येईल ते तपासून काढले. चौकोनाचा बराचसा भाग मळला किंवा फाटला तरी तो वाचता येतो. शाळकरी पुस्तकाच्या दृष्टीने हा गुण काही लहान नव्हे!

ह्या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र अभियांत्रिकीची नाही. कंपनीने पेटंट घेतले, पण ठरलेल्या नमुन्याप्रमाणे चौकोन वापरणाऱ्या कोणावरही ते चालवायचे नाही असे जाहीर करून टाकले. नमुना सर्वांसाठी खुला केला. म्हणून तर तो वैरागच्या भाजीवालीपर्यंत येऊन पोचला. दर चौकोनामागे एक पैसा जरी जपानला धाडावा लागता, तरी आज तो कारखान्याच्या भिंतीबाहेर आला असता की नाही, ह्याची शंकाच आहे.

हा चौकोन क्रमिक पुस्तकात आणण्याचे श्रेय आपल्याच सोलापूर जिल्ह्याकडे येते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी आपल्या वर्गाच्या पुस्तकांना असे चौकोन जोडले. मोबाइल समोर धरला की कविता ऐकू यावी, गोष्ट दिसावी, गृहपाठ मिळावा, अशी ती योजना होती. २०१७ साली राज्य शासनाने ही कल्पना उचलली, पुढच्या वर्षी केंद्रानेही तीच वाट धरली, आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले ह्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना आठवत असेल.

त्या मूळ योजनेकडे जरा निरखून पाहावे. चौकोनाच्या ह्या टोकाला वर्गातली मुले होती. त्या टोकाला त्याच मुलांना नावानिशी ओळखणारा शिक्षक होता. कोणाला कोणती कविता अडते हे त्याला माहीत होते, आणि ते माहीत असण्यासाठी त्याला कुठल्या यंत्राची गरज नव्हती. चौकोन म्हणजे वर्गाच्या दाराला पाडलेली एक खिडकी होती. राज्याने आणि मग देशाने ती कल्पना उचलली, तेव्हा खिडकी तशीच राहिली. पलीकडची खोली मात्र बदलली. हा बदल चूक होता असे मी म्हणत नाही. लाखो मुलांसाठी एकाच शिक्षकाचा आवाज पुरणार नाही, हे उघडच आहे. पण कल्पना एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिच्यातले काय गळले आणि तिला काय नवे चिकटले, हे पाहणे टीकाकाराचे कामच असते. कादंबरीचे नाटक झाले म्हणजे आपण हेच पाहतो ना?

आज पुस्तकातला चौकोन ‘दीक्षा’ नावाच्या केंद्र शासनाच्या व्यवस्थेकडे नेतो. ही व्यवस्था सप्टेंबर २०१७ मध्ये, शिक्षकदिनी, सुरू झाली. चौकोनाच्या पोटात सारा धडा भरलेला असतो अशी काहींची समजूत आहे. तसे काही नसते. त्यात असतो केवळ एक पत्ता. खाली छापलेली सहा अक्षरे म्हणजे त्या पत्त्याचीच खूण. ज्या सॉफ्टवेअरवर ‘दीक्षा’ उभी आहे, ते ‘सनबर्ड’ एकस्टेप फाउंडेशनने तयार केले, आणि तेही खुले आहे. ज्याला हवे त्याने त्याची आज्ञावली पाहावी, घ्यावी, बदलावी. म्हणजे चौकोन खुला, सॉफ्टवेअर खुले, आणि पाहणाऱ्याला पैसाही पडत नाही. मग तक्रारीला जागा उरली कुठे?

इथे आपल्या भाषेचे थोडे साहाय्य घ्यावे लागेल. संगणकाच्या जगात गेली चाळीस वर्षे ‘फ्री’ ह्या इंग्रजी शब्दावरून मोठा घोळ चालू आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्या गृहस्थाने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. तेव्हापासून त्याला आणि त्याच्या अनुयायांना पुनःपुन्हा खुलासा करावा लागतो की, आम्ही किमतीबद्दल बोलत नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतो. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द. मराठीची अशी अडचण नाही. आपल्याकडे ‘फुकट’ आहे आणि ‘मोकळे’ आहे. शेजारणीने दिवाळीत चकल्यांचे ताट धाडले, ते फुकट. भाजणीचे प्रमाण सांगितले, आणि ‘तुमच्या घरच्या चवीप्रमाणे ओवा-तीळ कमीजास्त करा, पुढे कोणाला हवे तर सांगा’ असेही म्हटले, तर ते मोकळे. स्टॉलमनने सांगितलेल्या चार मोकळिकी थोड्याफार ह्याच आहेत: हवे तसे वापरणे, आत काय आहे ते पाहून बदलणे, दुसऱ्याला देणे, आणि आपण केलेली सुधारणा वाटणे.

‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्या आपल्या समाजाला हा फरक समजावून देणे अवघडच. पण समजा तो समजला. समजा शेजारणीने ताट धाडले, प्रमाणही सांगितले. आणि मग ती स्वतः वही घेऊन आपल्या माजघरात येऊन बसली. कोणत्या मुलाने किती चकल्या खाल्ल्या, कोणी अर्धी टाकली, कोण कुठे बसून खात होता, हे सारे ती टिपून घेऊ लागली, तर? आपण तिला फुकटेपणाचा दोष देणार नाही, कृती लपवल्याचाही नाही. तरी आपण अस्वस्थ होऊ. ही अस्वस्थता फुकट-मोकळ्याच्या वादात कुठेच बसत नाही. स्टॉलमनच्या चार मोकळिकीही सॉफ्टवेअर हाती घेऊन चालविणाऱ्याच्या आहेत. ते ज्याच्यावर चालते, त्या पोराबाळांच्या मोकळिकीचा प्रश्न वेगळा आहे. आणि आपल्याकडच्या चर्चेत तो नेमका गाळला जातो.

ह्या दोन प्रश्नांतला फरक बार्शीकडच्या लोकांना उदाहरणाने चटकन पटेल. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज अभियंत्याच्या कंपनीने कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत जी रेल्वे टाकली, तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट होते. मुख्य मार्गाचे साडेपाच फूट. म्हणून बार्शीचा माल कुर्डुवाडीला लहान डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवावा लागे. पोती तीच, जायचे ठिकाण तेच; मधली हमाली मात्र केवळ रुळांचे माप जुळत नाही म्हणून. १९५४ साली कंपनी सरकारने घेतली, तरी हमाली संपली नाही. रूळ रुंद व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. संगणकाच्या दुनियेतले पुष्कळसे भांडण हे असे रुळांच्या मापाचे भांडण आहे. एकाचे टंक दुसऱ्याच्या यंत्रावर उमटत नाहीत (आपल्या मराठी छापखान्यांना हे वेगळे सांगायला नको), एकाचा चौकोन दुसऱ्याचे ॲप वाचत नाही. हे भांडण मिटू शकते, आणि सरकारने मनावर घेतले तर लवकर मिटते. पैशांच्या चौकोनांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये फर्मावले की, आपापले वेगळे चौकोन चालविणाऱ्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना वाचता येईल असा चौकोन स्वीकारावा. वैरागच्या गाड्यावर आज एकच चौकोन कोणत्याही बँकेच्या गिऱ्हाइकाला चालतो, ह्यात ह्या धोरणाचा वाटा आहे. पुस्तकातल्या चौकोनाचे रूळही असेच रुंद आहेत. प्रश्न रुळांचा नाही. प्रवाशांची जी वही स्टेशनात ठेवली जाते, तिचा आहे.

वही काय करू शकते, ह्याचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये दिसला. ‘वायर्ड’ ह्या अमेरिकन मासिकाने उघडकीस आणले की, ‘दीक्षा’वरच्या दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन क्रमांक आणि ईमेल पत्ते, तसेच सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती एका वर्षाहून अधिक काळ इंटरनेटवर कुलूप न लावता पडून होती. विद्यार्थ्यांचे फोन क्रमांक अर्धवट झाकलेले होते. नावे आणि शाळा झाकलेल्या नव्हत्या. चौकशी सुरू झाल्यावर कुलूप लागले. त्याच्या आधी, मे २०२२ मध्ये, ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने महासाथीच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲपे आणि संकेतस्थळे तपासली होती. दहांतली जवळजवळ नऊ मुलांच्या हक्कांना धोका पोचेल अशा रीतीने माहिती हाताळतात, असा तिचा निष्कर्ष होता. मूल नेमके कुठे आहे हे टिपण्याची क्षमता ‘दीक्षा’च्या ॲपमध्ये आहे, असेही त्या अहवालात म्हटले होते.

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ‘दीक्षा’वरचे पुष्कळसे साहित्य नाव न नोंदवता, पाहुण्यासारखे, पाहता येते. आणि नोंद ठेवण्याचे समर्थन करणारे सगळेच काही लबाड नसतात. कोणत्या धड्यापाशी मुले अडतात हे कळले, तर पुढचे पुस्तक सुधारता येईल, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. शाळेत हजेरीपट नव्हता काय, प्रगतिपुस्तक नव्हते काय, असेही ते विचारतात. होते ना! पण हजेरीपट मास्तरांच्या कपाटात असे. तो पाहायचा तर शाळेत जावे लागे, मास्तरांना विचारावे लागे, आणि वर्ष उलटले की तो धूळ खात पडे. मुलाच्या नोंदीला तिथे विसरण्याची सोय होती. तिसरीत गणितात गचके खाल्लेल्या मुलाला पुढे कोणी त्याबद्दल हटकत नसे, कारण ते कोणाला आठवतच नसे. आता ‘अपार’ नावाचा बारा अंकी क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याला जन्मभरासाठी देण्याचे काम चालू आहे. कागदोपत्री तो पालकांच्या संमतीवर, म्हणजे ऐच्छिक आहे. पण शाळांसमोर शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले, की ऐच्छिक ह्या शब्दाचा अर्थ काय उरतो, हे संमतीचा कागद घेऊन घरोघर हिंडणाऱ्या शिक्षकाला विचारावे. त्याला तरी कुठे निवड असते!

ह्या सगळ्याच्या उलट टोकाचे एक उदाहरणही सोलापुरातच घडले. २०२० साली शाळा बंद पडल्या. नीलमनगर भागातल्या आशा मराठी विद्यालयातल्या मुलांचे पालक बहुतेक कापड कारखान्यांतले कामगार. बऱ्याच घरांत चांगला फोन नव्हता. तेव्हा तिथल्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंती मागून घेतल्या, आणि अडीच-तीनशे भिंतींवर रंगाने धडे लिहिले. पाढे, अक्षरे, व्याकरण, आकृत्या. मुले अंतर ठेवून एकेका भिंतीपाशी उभी राहत आणि वाचीत. मी त्या भिंतींना चमत्कार म्हणणार नाही. ती निरुपायाची युक्ती होती. भिंत बोलत नाही, गाणे ऐकवीत नाही, मुलाची चूक दुरुस्त करीत नाही. परितेवाडीचा चौकोन ह्या बाबतीत तिच्याहून कितीतरी सरस. पण वाचन म्हणून तिच्यात एक गुण होता. कोण वाचून गेले, किती वेळ उभे राहिले, कुठे अडखळले, हे भिंतीला कळत नव्हते. शेजारच्या वर्गातले, शाळा सोडलेले, वाटेने जाणारे, कोणीही वाचावे. धडा सातवीचा आणि वाचणारी चाळिशीची बाई, तरी तिला कोणी हसणार नव्हते. छापील पुस्तकाचाही हाच गुण. ग्रंथाची थोरवी गाताना आपण ज्ञान, संस्कृती, संस्कार असे मोठे शब्द वापरतो, आणि पुस्तक आपल्या वाचकाची चहाडी करीत नाही ही साधी गोष्ट मोजायची विसरतो. काळा चौकोन छापल्या दिवसापासून पुस्तकाच्या ह्या गुणाला प्रथमच धक्का लागला.

आता पुन्हा त्या पुस्तकाकडे वळू. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीला एक पान असते. ते कोणी वाचीत नाही. मी सांगतो म्हणून एकदा वाचा. समितीतल्या सदस्यांची नावे, चित्रकार, अक्षरजुळणी, मुद्रक, मुद्रणादेशाचा क्रमांक, कागद कोणत्या वजनाचा, सारे त्यात दिलेले असते. सार्वजनिक पैशाने छापलेल्या पुस्तकाने असा हिशेब द्यावा, ही मराठी ग्रंथव्यवहारातली चांगली चाल आहे. आरंभीच्या पानांतच चौकोनाबद्दल एक सूचना असते. फोनवरच्या ‘दीक्षा’ ॲपमधून चौकोन वाचला, तर पुस्तकाची डिजिटल आवृत्ती आणि त्या त्या पाठाला उपयोगी असे दृकश्राव्य साहित्य मिळेल, असा तिचा आशय. भाषा म्हणून सूचनेत खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु कशाबद्दल ती गप्प आहे ते पाहा. वाचकाला काय मिळेल हे ती सांगते. वाचकाकडून काय घेतले जाईल, त्याबद्दल एक अक्षर नाही. कागदाचे वजन ग्रॅममध्ये सांगणारे पुस्तक इथे मौन धरते. हे मौन कोणी कपटाने धरले असेल असे मला वाटत नाही. चौकोनाकडे कोणी मजकूर म्हणून पाहिलेच नाही, तो चित्रासारखा सजावटीत गेला, असे वाटते. पण आधीचे सारे पान बारीक टाइपात हिशेब देत असताना हीच एक जागा कोरी राहावी, हे संपादनातले मोठे वैगुण्य आहे.

कायदाही आता ह्याच बाजूला झुकला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मुख्य बंधने लागू करण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना आईबापांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवता कामा नये, असे कायदा म्हणतो. लागलीच शिक्षणसंस्थांना आणि शासनाला तो काही सवलतीही देतो, आणि वकिलांचे पुढचे सारे काम त्या सवलतींतच असेल. मला त्यातले एक बारीकसे कलम महत्त्वाचे वाटते. संमती मागताना जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे. मराठी त्या परिशिष्टात आहे. म्हणजे ‘तुमच्या मुलाचे आम्ही काय टिपतो’ हे वैरागच्या आईला मराठीत वाचायला मिळणे ही यापुढे कोणाची मेहेरबानी राहत नाही.

मग ते फोनच्या पडद्यावर, ‘मान्य आहे’ असे लिहिलेल्या बटणाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत कशाला? ते पुस्तकातच छापावे. हा चौकोन वाचल्यावर मुलाचे नाव विचारले जाते की नाही, ठिकाण टिपले जाते की नाही, नोंद किती वर्षे ठेवली जाते, ती पुसायची असेल तर कोणाकडे अर्ज करायचा, आणि फोन नसेल तर हेच साहित्य शाळेत कुठे मिळेल. पाच ओळींचा मजकूर आहे. अक्षरजुळणी आणि मुद्रक ह्यांच्या नावांखाली तो सहज मावेल.